हसू आणि हसे

मराठीत ‘हसू’ आणि ‘हसे’ हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. हसू येते, हसे होते. पहिल्यात आनंद आहे, दुसऱ्यात अपमान. एका स्वराच्या फरकाने अर्थ पार उलटतो. रंगभूमीवरील विनोद हे दोन्ही शब्द एकत्र आणतो. तेथे कोणाचे तरी हसे होते, म्हणून प्रेक्षकांना हसू येते आणि खेळ संपल्यावर सारेजण प्रसन्न मनाने घरी जातात. हाच व्यवहार घरात अथवा पेढीवर केला, तर मात्र नाती दुरावतात, कधी वर्षानुवर्षे अबोला राहतो. असे का व्हावे, याचे उत्तर नाटकातील विनोदाच्या रचनेतच सापडते.

बाप सावकार, मुलगा ऋणको

फ्रान्समधील श्रेष्ठ विनोदी नाटककार मोलिएर हा व्यापारी घराण्यातला. वडील राजाच्या पदरी गाद्या, पडदे व गृहसजावटीचे काम पाहणारे प्रतिष्ठित व्यावसायिक होते. मुलाने पेढी सोडून नाटकमंडळी काढली, तरी पैशाचे जग त्याला आतून ठाऊक होते. 1668 साली रंगभूमीवर आलेल्या त्याच्या ‘लाव्हार’ या नाटकाचा नायक हार्पागाँ हा महाकंजूष सावकार आहे. आचार्य प्र. के. अत्रे यांनी याच नाटकाच्या आधारे ‘कवडीचुंबक’ लिहिले आणि मराठी प्रेक्षकांना पोट धरून हसवले.

मूळ नाटकातील एक प्रसंग व्यापारी वाचकाला विशेष रुचेल. बापाच्या कंजूषपणाला कंटाळलेला मुलगा दलालामार्फत गुप्तपणे पंधरा हजारांचे कर्ज काढू पाहतो. सावकाराच्या अटी हळूहळू उघड होतात. प्रथम व्याज सौम्य वाटते. मग कळते की सावकार स्वतः दुसऱ्याकडून रक्कम उचलणार असून त्याचेही व्याज ऋणकोच्याच माथी आहे. एकूण दर शेकडा पंचवीसच्याही वर जातो. शेवटी समजते की रोख बारा हजारच मिळणार. उरलेल्या तीन हजारांपोटी जुने पलंग, पडदे आणि पेंढा भरलेली घोरपडीसारखी एक कातडी गळ्यात पडणार! संतापलेला मुलगा अशा पिळवणूक करणाऱ्या सावकाराला शिव्याशाप देतो. पुढच्याच प्रवेशात दोघे समोरासमोर येतात आणि कळते की तो सावकार दुसरा कोणी नसून बापच आहे. मुलाला उधळ्या म्हणावे की स्वतःला लुटारू, हा प्रश्न बापाला पडतच नाही. प्रेक्षक मात्र हसता हसता थबकतो.

याच नाटकात बागेत पुरून ठेवलेली पैशांची पेटी चोरीस जाते. वेडापिसा झालेला हार्पागाँ चोराचा हात घट्ट पकडतो. तो हात त्याचा स्वतःचाच असतो. लोभ माणसाला कोणत्या थराला नेतो, हे अनेक प्रवचनांनी सांगितले आहे. येथे ते एका हालचालीत दिसते. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ याने 1900 साली हास्यावर लिहिलेल्या ग्रंथात याचे मर्म सांगितले आहे. जिवंत माणूस यंत्रासारखा एकाच दिशेने, प्रसंग न ओळखता वागू लागला की तो हास्यास्पद होतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. हार्पागाँच्या मनाचे यंत्र पैशापाशी अडकले आहे. समोर मुलगा असो की चोर, यंत्र एकाच पद्धतीने फिरत राहते.

तसबिरीचा घोटाळा

दुसऱ्या प्रकारचा विनोद स्वभावातून कमी व परिस्थितीतून अधिक निर्माण होतो. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ हे 1916 साली रंगभूमीवर आलेले नाटक याचा उत्तम नमुना आहे. त्याचे मूळही मोलिएरच्याच एका प्रहसनात आहे. ते आर्थर मर्फी यांच्या इंग्रजी नाटकातून मराठीत पोहोचले. देवलांनी प्रथम 1893 साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या गद्य रूपात ते लिहिले आणि पुढे त्याला संगीताचा साज चढवला.

मूर्च्छा आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो. ते पाहून पत्नी कृत्तिकेच्या मनात संशय शिरतो. अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. ती पाहून फाल्गुनरावाला संशय येतो. तीच तसबीर पुढे अश्विनशेठच्या संशयालाही कारण होते. एकाही पात्राने पाप केलेले नाही. प्रत्येकाने डोळ्यांनी जे पाहिले, तेही खरेच आहे. चूक आहे ती पाहिलेल्या अर्ध्या गोष्टीवरून पूर्ण निष्कर्ष काढण्याची. प्रेक्षकाला उरलेली अर्धी गोष्ट ठाऊक असते, म्हणून तो हसतो. पात्रांना ती ठाऊक नसते, म्हणून ती रडतात, भांडतात. एकच वस्तू चार जण चार बाजूंनी पाहतात आणि प्रत्येकजण आपल्या बाजूलाच संपूर्ण सत्य मानतो. अनेकांताचा संस्कार असलेल्या वाचकाला या कल्लोळाचे निदान सहज कळेल.

रंगमंचाच्या तीन सवलती

या दोन्ही नाटकांत विनोद निर्धास्त राहतो, त्याला कारण रंगभूमीने दिलेल्या तीन सवलती. पहिली, ज्याचे हसे होते ते पात्र काल्पनिक असते. पडदा पडल्यावर नट हसतमुखाने प्रेक्षकांना वंदन करतो. दुसरी, प्रेक्षकाला सर्व हकिकत ठाऊक असते, त्यामुळे त्याचे हसणे अज्ञानातून येत नाही. तिसरी, सर्वजण स्वेच्छेने हसायला आलेले असतात.

घरातल्या थट्टेला यांपैकी एकही सवलत नसते. व्यापारात खोट आलेल्या पुतण्याला काकांनी भर पंगतीत ‘आले आमचे कुबेर!’ म्हटले, की पंगत हसते. पण तो पुतण्या काल्पनिक नसतो. त्याने रात्री किती वेळा हिशेब मांडून पाहिला, हे हसणाऱ्यांना माहीत नसते. सासरी नव्याने आलेल्या सुनेच्या बोलीची नक्कल होते, पेढीवरच्या गुमास्त्याच्या बोबडेपणावर सर्व गिऱ्हाइकांदेखत कोटी होते. ती दोघेही हसतात, कारण न हसण्याची त्यांना मुभा नसते. त्या हसण्याला संमती समजणे ही फाल्गुनरावाचीच चूक आहे. पाहिले ते खरे, काढलेला अर्थ खोटा.

हास्याच्या सहा पायऱ्या

भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’त हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित ही उत्तम प्रकृतीची. विहसित व उपहसित ही मध्यम. अपहसित आणि अतिहसित ही अधम. स्मितात दात दिसत नाहीत, केवळ गाल किंचित फुलतात. अपहसित हे अस्थानी हसणे. त्यात डोळ्यांत पाणी येते, खांदे व डोके हलू लागतात. भरतमुनी आणखी एक भेद करतात, स्वतः हसणे तो आत्मस्थ व दुसऱ्याला हसवणे तो परस्थ.

संस्कृत नाटकातील विदूषक दुसऱ्याला हसवतो ते बहुधा स्वतःचेच हसे करून. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील चारुदत्त हा सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्यांचा धनी. दानधर्मात संपत्ती सरते आणि सुदिनांचे सोबती पांगतात. उरतो तो विदूषक मैत्रेय. तो खादाड आहे, अंधारात एकटे जायला घाबरतो, जुन्या दिवसांतले गोडधोड आठवून उसासे टाकतो. प्रेक्षक हसतात ते मैत्रेयाच्या जिभेला आणि भित्रेपणाला. मित्राच्या दारिद्र्याचे तो हसे होऊ देत नाही. धंदा बुडालेल्या घरात कोणता विनोद चालतो, याचा हा प्राचीन आणि नेमका धडा आहे.

सत्यव्रताच्या शेजारी

जैन आचार्यांना हास्याचे वावडे नव्हते. ‘अनुयोगद्वारसूत्रा’त सांगितलेल्या नऊ काव्यरसांत हास्यरस आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांचे शिष्य रामचंद्र यांनी गुणचंद्रांसह ‘नाट्यदर्पण’ हा नाट्यशास्त्रीय ग्रंथ रचला. ‘कौमुदीमित्रानंद’ या त्यांच्या प्रकरणाचा नायक वणिकपुत्र आहे.

तरीही हास्याकडे पाहताना ते सावध होते. सत्यव्रताच्या पाच भावनांत विचारपूर्वक बोलणे आणि क्रोध, लोभ, भय व हास्य यांचा त्याग सांगितला आहे. क्रोध, लोभ, भय यांच्या रांगेत हास्य का बसवले? कारण माणूस खोटे बोलतो ते प्रामुख्याने या चार प्रसंगी. पहिल्या तिघांची निदान लाज वाटते. थट्टेतल्या खोट्याची लाजही वाटत नाही. ‘गंमत केली’ एवढे म्हटले की सुटका होते. श्रावकाच्या अनर्थदंडविरमण व्रताच्या अतिचारांतही कंदर्प, कौत्कुच्य आणि मौखर्य, म्हणजे असभ्य विनोद, अंगविक्षेपांची चेष्टा आणि वायफळ बडबड यांचा समावेश आहे. ‘अनर्थदंड’ हा शब्द व्यापाऱ्याला चटकन समजावा: ज्यातून प्राप्ती काहीच नाही आणि दंड मात्र भरावा लागतो, असा सौदा. कर्मसिद्धांतात हास्याला ‘नोकषाय’ म्हटले आहे. ते कषायांच्या सोबतीने वावरते. मानकषायाची संगत मिळाली की त्याचाच उपहास होतो.

घरातला विनोद

म्हणजे घराने गंभीर तोंड करून बसावे, असा याचा अर्थ नाही. दिवसभर गिऱ्हाइकांची मर्जी सांभाळून दमलेल्या माणसाला रात्रीच्या जेवणानंतरची चार हसरी वाक्ये औषधासारखी असतात. घासाघीस विकोपाला गेली असता एखादी निरुपद्रवी कोटी सौदा वाचवते. व्याही-विहिणींची थट्टा आणि लग्नातले उखाणे दोन अनोळखी कुटुंबांतला संकोच घालवतात.

ताळा एवढाच पाहावा. ज्याच्यावर कोटी करायची, त्याला उलट कोटी करता येईल काय? नातवाने आजोबांच्या विसरभोळेपणावर बोललेले आजोबा हसून परतवू शकतात. गुमास्त्याला शेठजींचा विनोद परतवता येत नाही. ज्या गोष्टीवर हसायचे, ती त्या माणसाला बदलता येण्याजोगी आहे काय? कंजूषपणा सोडता येतो, म्हणून मोलिएर त्यावर हसवतो; रंग, उंची, जिभेचा दोष सोडता येत नाही. आणि शक्य असेल तेथे सुरुवात स्वतःपासून करावी. मोलिएरला खोकल्याचा विकार होता. हार्पागाँची भूमिका स्वतः करताना त्याने तो खोकलाही पात्राला देऊन टाकला.

संवत्सरीला क्षमा मागताना मोठे अपराध आठवतात. पंगतीत, दुकानात, प्रवासात सहज केलेली थट्टा मात्र त्या यादीत क्वचित येते, कारण करणाऱ्याच्या ती स्मरणातच नसते. ज्याचे हसे झाले, त्याला मात्र तो दिवस, ती जागा आणि कोण कोण हसले, हे सारे लक्षात असते. यंदाच्या क्षमापनेत प्रथम अशाच एखाद्या माणसाकडे जावे.