ठोका कुणाच्या हातचा

शनिवार, सकाळी नऊ. रात्री बाराला वाजवायचं असलं की उठल्यावर पहिला तास मी काहीच ऐकत नाही. ठाण्यात टेंभी नाक्यावर राहून हे जमवणं कठीण. नवरात्र आठवड्यावर आलंय, देवीच्या मंडपाचे बांबू रस्त्यातच उभे राहतायत आणि उरलेल्या पट्ट्यातून रिक्षा हॉर्न देत वळतायत. आनंद दिघे यांनी १९७८ साली हा उत्सव सुरू केला. त्याच्या आधीचा नाका माझ्या आईला अजून आठवतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर शार हाशामाईम सिनेगॉग आहे, १८७९ चं. शनिवार त्यांच्या प्रार्थनेचा. त्या बाजूने एक फेरी मारली की कान जागेवर येतात.

दहाला हेडफोन, आवाज अगदी बारीक. मी डीजे, वाजवते ते ब्रेकबीट. क्लबमध्ये लोकांना सवय असते हाउसची, चारही मात्रांवर सरळ, सारखा ठोका. ब्रेकबीटमध्ये तो सरळपणा मोडलेला असतो. किक कधी आधी पडते, कधी उशिरा, आणि मधल्या फटींतून स्नेअर बोलत राहतो. इलेक्ट्रॉनिक म्हणतात म्हणून लोकांना हे यंत्राचं वाटतं, पण याचं मूळ माणसाच्या मनगटात आहे. जुन्या फंक आणि सोल गाण्यांत मध्येच बाकीची वाद्यं थांबायची आणि ड्रमवाला एकटा वाजवायचा, तो ब्रेक. ब्राँक्समधल्या डीजे कूल हर्कने १९७३ च्या सुमारास ओळखलं की नाचणारे याच तुकड्याची वाट पाहतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तुकडा त्याने लांबवत नेला.

यातला सगळ्यात प्रसिद्ध तुकडा १९६९ चा. वॉशिंग्टनच्या द विन्स्टन्स या बँडने ‘आमेन, ब्रदर’ हे गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं. त्यात ग्रेगरी कोलमनने एकट्याने वाजवलेले चार बार आहेत, जेमतेम सहा-सात सेकंदांचे. पुढे सँपलर आले, तो तुकडा कापला गेला आणि नव्वदीच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जंगल, मग ड्रम अँड बेस, हे अख्खे संगीतप्रकार त्यावर उभे राहिले. हजारो गाण्यांत तो आहे. कोलमनला त्यातून एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये तो गेला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या एका डीजेने वर्गणी काढली आणि जमलेले सुमारे २४,००० पौंड बँडच्या रिचर्ड स्पेन्सरला दिले. वाजवणारा हात तोवर गेला होता.

माझ्या पेनड्राइव्हवर ते चार बार आहेत. ते वाजवताना मला दर वेळी हे सगळं आठवतं, आणि म्हणून आज अकराला जांभळी नाक्यावर जायचंय.

चेंदणी कोळीवाड्यातला एक दादा तिथे पहाटेपासून भाजीच्या गाड्या उतरवतो. संध्याकाळी बेंजो पार्टीत ढोलकी वाजवतो. देवीची कळव्याहून टेंभी नाक्यापर्यंत मिरवणूक निघते, तिच्यात मी त्याला पहिल्यांदा नीट ऐकलं. गेल्या महिन्यात घरातच गाद्या उभ्या करून त्याची ढोलकी मेट्रोनोमवर रेकॉर्ड केली. कोळीगीताचा ठेका सहाचा आणि ब्रेक चाराचा, त्यामुळे वरवर पाहता दोघांचं जमू नये. पण मूळ ठोका एकच धरला तर ढोलकी त्याचे तीन भाग करते आणि ब्रेक चार. प्रत्येक ठोक्यावर दोघं भेटतात, मध्ये आपापल्या वाटेने जातात. ही ओढाताणच नाचवते.

आज त्याला कागद दाखवायचा आहे. वादनाचे पैसे त्याच दिवशी दिले होते. प्रश्न पुढचा आहे. आपल्याकडे आयपीआरएस या संस्थेची रॉयल्टी गीतकार-संगीतकारांना जाते, ठेका धरणाऱ्याला त्यात जागा नाही. म्हणून मी त्याला सहसंगीतकार लिहिलंय, निम्मा वाटा. तो कागद दोनदा वाचतो. “ताई, वाजवायचे पैसे दिलेस की. हे परत कशाला?” मी कोलमनची गोष्ट सांगते. तो गोण्यांवर बसून पूर्ण ऐकतो, मग सही करतो. या लेखात नाव लिहू का, विचारलं. “मासिकात नको,” म्हणाला, “गाण्यावर लिही.”

दुपारी एक. जेवताना दिव्याहून हळदीच्या सुपारीचा फोन. आमच्या धंद्याचा पाया हाच आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली, भिवंडीपर्यंत आगरी-कोळी हळद म्हणजे डीजेची शाळा. तिथे समोर आजीपासून नातवापर्यंत सगळे असतात, लग्नगीतं गाणाऱ्या धवलारिणींचे धवळे संपायची वाट पाहावी लागते, आणि गाणं चुकलं तर दहा सेकंदांत अंगण रिकामं होतं. नुसत्या ब्रेकबीटवर घर चालेल असा डीजे मला तरी इथे भेटलेला नाही. कुणी जाहिरातींना संगीत देतो, कुणी साउंड भाड्याने देतो. मी हळदी करते आणि त्याची मला लाज वाटत नाही. हळदीत रात्री दहाला मात्र मी आवाज बंद करते. ध्वनिप्रदूषणावर ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांनी उच्च न्यायालयात याचिका लढवली, २०१६ मध्ये निकाल आला. आमच्यातले काही त्यांच्या नावाने चिडतात. मला ते बरोबर वाटतात. दारासमोरच्या उत्सवाचा आवाज आजारी माणसाला काय करतो, हे नाक्यावर वाढलेल्यांना सांगावं लागत नाही.

तीन ते पाच, पेनड्राइव्ह. एकसारखे दोन, कारण एक दगा देतोच. प्रत्येक गाण्यावर खुणा करायच्या: ठेका कुठे सुरू होतो, बेस कुठून काढून घ्यायचा. क्रम ठरवत नाही. तो समोरची माणसं ठरवतात.

साडेपाचला ठाण्याहून धिमी लोकल, करी रोडला उतरून चालत लोअर परळ. जुन्या गिरण्यांच्या आवारात आता क्लब आहेत. सात वाजता साउंडचेक. त्याआधी मी एक काम करते: बाहेर पडायचे सगळे रस्ते स्वतः चालून बघते, दारं उघडतात का, जिन्यात खोकी ठेवलीत का. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर इथेच जवळ, कमला मिल्सच्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले. कन्सोलवरून सगळी गर्दी आम्हालाच दिसते, तेव्हा रस्ता कुठे आहे हे आम्हाला ठाऊक असायला हवं. आज मागच्या दारापुढे टेबलं रचलेली आहेत. मॅनेजरला सांगितलं, ती हलेपर्यंत तिथेच उभी राहिले.

नऊला दार उघडतं. पहिला वाजवणारा कॉलेजचा पोरगा, कल्याणचा. रिकाम्या हॉलमध्ये वाजवणं सगळ्यात अवघड, आणि ते कायम नव्या पोरांच्या वाट्याला येतं. मी पुढे जाऊन उभी राहते. तो छान वाजवतोय, घाई न करता. नंतर जिन्यात त्याने विचारलं, यात पुढे काय? मी त्याला तीन वाटा सांगितल्या. तलवीन सिंग तबलजी. त्याने लंडनच्या ब्लू नोट क्लबमध्ये ‘अनोखा’ नावाची रात्र चालवली, तबल्याखाली ड्रम अँड बेस घातला, आणि १९९९ चं मर्क्युरी पारितोषिक त्याच्या ‘ओके’ या अल्बमला मिळालं. न्यूक्लिया म्हणजे उद्यान सागर, त्याने आपल्या रस्त्यावरच्या वाजंत्रीचा दणका क्लबमध्ये आणला. आणि क्रेटेक्स, त्याचं श्रेयस सागवेकरबरोबरचं ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं, मराठी शब्दांसकट. तिघांनी आपापल्या अंगणातला आवाज धरला. मग त्याला विचारलं, तुझ्या अंगणात काय वाजतं? तो विचारात पडला. पडू दे.

अकराला कानात प्लग. ८५ डेसिबल आठ तास सोसतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. इथे आकडा त्याहून वर जातो. मला हे काम साठीपर्यंत करायचंय.

बारा. पहिली वीस मिनिटं सरळ ठोका, लोक कुठे आहेत ते कळेपर्यंत. मग किक काढून घेतली आणि मोडका ठेका आणला. नेहमीसारखी हालचाल थबकली. पायाला सवयीची जागा सापडत नाही, तेव्हा माणूस ऐकायला लागतो. अर्ध्या मिनिटाने खांद्यांना वाट सापडते, मग कमरेला. मिनिटाला १३८ ठोक्यांच्या लयीवर कोलमन आला आणि त्याच्या मागून, बेस कापून, हळूहळू ढोलकी. कोपऱ्यातल्या मुलींच्या एका घोळक्याने दोन्ही हात वर केले आणि कोळी नाच धरला. बाकीच्यांनी त्यांना जागा करून दिली. ढोलकी पूर्ण उघडी केली तेव्हा मी कन्सोलवरून हात काढून घेतले. करण्यासारखं काही नव्हतं, दोघं वाजवत होते.

दीडला दिवे लागले. मानधन हातात, पावतीवर सही. सुपारी, पावती, तारीख लिहून ठेवायची सवय आईने लावली.

तीन वाजता घरी. मंडपाच्या बांबूंवर एकच ट्यूबलाइट. ढोलकीच्या भागाचा व्हिडिओ दादाला पाठवला, म्हटलं उठल्यावर बघेल. पण बाजाराच्या गाड्या येणार म्हणून तो उठलेलाच होता. पाच मिनिटांत त्याचा आवाजी निरोप: “ताई, तुझा तो कोलमन चौथ्या फेरीत पहिली मात्रा मोकळी सोडतो. मी तिथे भरून टाकलं, चुकलं ते. तिथे गप्प बसायला पाहिजे. उद्या परत वाजवू?”

अकराला ये, लिहिलं.