मोजलेली मात्रा: पाळीव प्राण्यांच्या कर्करोगाची शुश्रूषा

भारतातील कुत्र्यांत वारंवार आढळणारा एक कर्करोग असा आहे की, त्यात विषाणू किंवा जिवाणू नव्हे तर कर्कपेशीच समागमातून, हुंगण्या-चाटण्यातून एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जातात आणि तेथे रुजतात. पशुवैद्य त्याला ‘टीव्हीटी’ म्हणतात. हे संसर्गजन्य लैंगिक अर्बुद होय. जगभरातील अशा सर्व गाठींचे मूळ हजारो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याच्या पेशींत आहे, हे जनुकीय अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. कुत्र्याच्या निरोगी पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, तर या गाठीच्या पेशीत ती साधारण ५७ ते ५९ असतात. घरच्यांना प्रथम दिसते ते जननेंद्रियातून ठिबकणारे रक्त, आणि मादी असेल तर ती माजावर आली असावी या समजुतीत आठवडे निघून जातात. निदान मात्र अवघड नसते: गाठीचा ठसा काचपट्टीवर घेऊन तो रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशी आणि त्यांच्या आतील स्वच्छ पोकळ्या, म्हणजे रिक्तिका, ओळखू येतात.

या गाठीवरचे मुख्य औषध म्हणजे व्हिन्क्रिस्टीन. ते आठवड्यातून एकदा शिरेतून दिले जाते आणि बहुतेक रुग्णांत चार ते सहा मात्रांत गाठ विरघळून जाते. मात्रा वजनाच्या सरळ प्रमाणात न ठरवता बहुधा शरीराच्या पृष्ठफळावरून ठरवली जाते. १० किलोच्या कुत्र्याचे पृष्ठफळ सुमारे ०.४७ चौरस मीटर भरते, पण वजन दुप्पट झाले तरी ते ०.७४ च्या आसपासच राहते, त्यामुळे २० किलोच्या कुत्र्याला लागणारे औषध अर्ध्या मिलिग्रॅमच्या जवळपास, म्हणजे सुईत जेमतेम अर्धा मिलिलिटर असते. एवढ्याशा औषधासाठी केलेली तयारी पाहण्यासारखी असते. आधी रक्ततपासणी होते, आणि न्यूट्रोफिल या संरक्षक पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर १५०० ते २००० च्या खाली असतील तर त्या दिवशीची मात्रा पुढे ढकलली जाते. नंतर पुढच्या पायावरील केस काढून शिरेत नळी बसवली जाते, सलाईन सोडून ती नेमकी शिरेतच असल्याची खात्री केली जाते आणि मगच औषध जाते, कारण ते शिरेबाहेर सांडले तर आजूबाजूची ऊती मरते व जखम महिनोन्महिने चिघळते. तसे घडलेच तर व्हिन्क्रिस्टीनवर गरम शेक द्यायचा असतो आणि डॉक्सोरुबिसिन या दुसऱ्या औषधावर थंड, हा भेद परिचारकाला पाठच असावा लागतो.

हे औषध अंगणातल्या सदाफुलीतून मिळते. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे संशोधक मधुमेहावरील लोकौषध म्हणून या वनस्पतीच्या पानांचा अभ्यास करत होते. उंदरांची साखर उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या, आणि १९५८ मध्ये त्या पानांतील व्हिन्ब्लास्टीन प्रकाशात आले. व्हिन्क्रिस्टीन त्यापाठोपाठ हाती लागले. ‘नैसर्गिक’ उपचार सौम्य आणि ‘केमो’ विषारी ही सर्रास केली जाणारी विभागणी म्हणून टिकत नाही. पानांचा काढा आणि शिरेतील मात्रा यांतले खरे अंतर एवढेच की दुसऱ्यात किती औषध शरीरात गेले हे ठाऊक असते.

हा निकष लावला तर पूरक उपचारांकडे अधिक न्यायाने पाहता येते. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेतील पेशींवर परिणाम करते, परंतु पोटातून ते फारच थोडे शोषले जाते. शोषण वाढावे म्हणून त्यात मिरी घातली जाते, आणि मिरीतील पिपेरीन यकृतातील ज्या विकरांना मंदावते त्यांत व्हिन्क्रिस्टीनचे विघटन करणारी विकरेही असल्यामुळे औषधाचा विषार वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही. लसूण आणि कांदा यांनी कुत्र्यांच्या, आणि त्याहून सहज मांजरांच्या, तांबड्या पेशी फुटतात. घरचे लोक हे सारे प्रेमाने देतात व डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाहीत. तेव्हा काय-काय दिले जाते हे न रागावता विचारून कागदावर उतरवून घेणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. ॲक्युपंक्चरचे स्थान वेगळे आहे: वेदना आणि मळमळ कमी करण्यासाठी काही पशुवैद्य ते वापरतात, मात्र सुई गाठीत टोचत नाहीत आणि बिंबाणू, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फार कमी असतील तर ती टोचणेच टाळतात.

लिंफोमा या लसिकापेशींच्या कर्करोगात घाई आणि संयम दोन्ही लागतात. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे गाठी लागतात, पण गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिओसिस या तापातही लसिकाग्रंथी सुजतात व बिंबाणू घटतात, म्हणून आपल्याकडे तो आधी तपासून वगळावा लागतो. निदान होण्यापूर्वीच प्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले तर गाठी झरझर ओसरतात, सर्वांना हायसे वाटते, आणि पुढच्या केमोथेरपीला पेशी दाद देईनाशा होण्याचा धोका वाढतो. हे वारंवार घडते व टाळता येण्याजोगे असते, म्हणून ते अधिक बोचते. चार औषधांचा पूर्ण क्रम सुमारे पाच-सहा महिने चालतो. त्याने बहुसंख्य कुत्र्यांत रोग दबतो, पण सहसा कायमचा जात नाही, आणि मिळणारा काळ बहुधा वर्षभराच्या आसपासचा असतो. प्राण्यांत मात्रा मुद्दाम माणसांपेक्षा सौम्य ठेवली जाते, कारण हेतू चांगले दिवस वाढवण्याचा असतो. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, हेही येथे ध्यानात ठेवावे लागते: कुत्र्यांना दिले जाणारे सिस्प्लॅटिन मांजराच्या फुप्फुसांत पाणी साठवून त्याचा जीव घेते.

उरलेली शुश्रूषा घरी होते आणि तीच सर्वांत मोठी असते. औषधानंतर काही दिवस मलमूत्र हातमोजे घालून उचलावे लागते आणि गरोदर स्त्रीने ते काम करू नये. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोथेरपीचे औषध दिलेल्या कुत्र्याला मूत्राशयाचा दाह होऊ नये म्हणून वरचेवर बाहेर न्यावे लागते. पांढऱ्या पेशी उतरलेल्या काळात कच्चे मांस पूर्ण बंद असते, आणि अन्न कोमट करून दिले तर वासाने भूक चाळवते.

मुका रुग्ण आपली अवस्था सांगत नाही, म्हणून ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी २००४ मध्ये मांडलेली गुणपट्टी उपयोगी पडते. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना ० ते १० गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवणे योग्य मानले जाते. हे गुण घरातील एकाच माणसाने, रोज ठराविक वेळी लिहावेत. बेरीज सलग काही दिवस खाली राहिली तर दयामरणाचा विषय पशुवैद्याने स्वतःहून काढावा, कारण घरच्यांना तो शब्द उच्चारणेही अपराध वाटतो. आणि प्रथम गुंगीचे औषध, नंतर भुलीच्या औषधाची अतिरिक्त मात्रा शिरेतून दिली जाते व प्राण्याला ती जाणवत नाही, हेही त्याच बैठकीत सांगावे.