शेतावरील भुतांचा वाडा : अमेरिकेंतील एक जोडधंदा

नुसत्या पिकावर लहान शेतकऱ्याचा निभाव लागत नाहीं, त्यास एखादा जोडधंदा हवा, हें तत्त्व आपल्या वाचकांस नवें नाहीं. गाईम्हशी, कोंबड्या, मधमाशा हे धंदे सर्वांच्या परिचयाचे आहेत. अमेरिकेंतील कांहीं शेतकऱ्यांनीं मात्र निराळाच मार्ग धरिला आहे. सुगी सरतां सरतां ते आपल्या शेतावर भुतांचा वाडा उभारतात आणि तिकीट लावून लोकांस भिववितात. ऐकतांना हा पोरखेळ वाटतो; परंतु शेतावर पाहुणे बोलावून चार पैसे मिळविण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनीं त्यांतील योजना, शिस्त व धोके समजून घेण्याजोगे आहेत.

अमेरिकेंत ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं हॅलोवीन नांवाचा सण पाळतात. आयर्लंड व स्कॉटलंड येथून गेलेल्या लोकांनीं तो तेथें नेला. भुताखेतांचीं सोंगें घेणें व भोपळे कोरून त्यांत दिवे लावणें हे त्याचे मुख्य प्रकार. भोपळे नुकतेच निघालेले व मका वाळून उभा, असा हा काळ असतो. गिऱ्हाईक, माल आणि जागा हीं तिन्ही शेतकऱ्यास एकाच वेळीं मिळतात.

कॅलिफोर्नियांतील ब्युएना पार्क येथील मि. वॉल्टर नॉट यांचें उदाहरण बोधप्रद आहे. १९२० सालीं तेथें येऊन त्यांनीं खंडाच्या जमिनींत बेरीची लागवड केली व रस्त्याच्या कडेस दुकान मांडून फळें विकलीं. मरणोन्मुख झालेल्या एका संकरित जातीचे वेल त्यांनीं जगविले व ती जात बॉयझनबेरी ह्या नांवानें प्रसिद्धीस आणिली. १९३४ सालीं त्यांच्या पत्नी कॉर्डेलियाबाई यांनीं लग्नांतल्या बशांतून कोंबडीचें जेवण वाढण्यास आरंभ केला. दर ६५ सेंट, आणि पहिल्या दिवशीं अवघीं आठ पानें. पुढें गर्दी इतकी झाली कीं, ताटकळणाऱ्यांचा वेळ जावा म्हणून १९४० पासून नॉट यांनीं खाणकामगारांच्या जुन्या ओसाड गांवाची प्रतिकृति उभारली. त्याच ठिकाणीं १९७३ सालीं हॅलोवीनच्या भयरात्री सुरू झाल्या.

आतां वाड्याची रचना पाहूं. वाट एकच, एकाच दिशेनें जाणारी व वळणावळणाची असावी, म्हणजे पुढचें दृश्य आधीं दिसत नाहीं. पाहुण्याचें लक्ष उजवीकडील बाहुल्याकडे वेधून खरा सोंगाड्या डावीकडून पुढें यावा. सर्वत्र गर्द अंधार कामाचा नाहीं. मंद उजेड असल्यासच आकृति दिसून भय वाटतें. मधून मधून शांततेची जागा ठेवावी, कारण सततच्या आरडाओरड्यास मनुष्य लवकर सरावतो. सोंगाड्यानें पाहुण्यास व पाहुण्यानें सोंगाड्यास हात लावूं नये, हा नियम दाराशींच सांगण्याची रीत आहे.

मक्याच्या शेतांत वाटा काढावयाच्या असल्यास पेरणी उभी व आडवी अशी दोनदां करतात, म्हणजे भिंत दाट होते. झाडें लहान आहेत तोंच वाटा मोकळ्या करतात. हंगाम संपल्यावर उरलेल्या मक्याचीं कणसें काढून घेतां येतात.

उत्पन्नाचा हिशेब प्रवेशाच्या गतीवर अवलंबून आहे. सहा माणसांची टोळी दर मिनिटास आंत सोडली तर तासास ३६० माणसें जातात. दर दोन मिनिटांस सोडली तर १८०. लोभानें टोळ्या जवळ जवळ सोडल्या तर मागच्यांस पुढच्यांच्या किंकाळ्यांवरून सर्व कळून चुकतें आणि सोंगाड्यास पुन्हा दडण्यास अवसर मिळत नाहीं.

अधिक भय म्हणजे अधिक आनंद, असेंही नाहीं. डेन्मार्कमधील संशोधकांनीं अशाच एका वाड्यांत ११० पाहुण्यांच्या हृदयाचे ठोके मोजले व त्यांचे अनुभव विचारले. २०२० सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, भय फार थोडें असल्यास कंटाळा येतो, फार झाल्यास त्रास होतो. मध्यम भयांतच मौज वाटते. आपणांस खरा अपाय होणार नाहीं, ही खात्री त्या मौजेचा पाया आहे.

ती खात्री खोटी ठरल्यास काय होतें, तेंही लक्षांत ठेवावें. न्यू जर्सी राज्यांतील एका करमणूक-उद्यानांत ११ मे १९८४ रोजीं भुतांच्या वाड्यास आग लागून आठ तरुण मुलें प्राणांस मुकलीं. आंतील फोमनें चटकन पेट घेतला. आग विझविणारे पाण्याचे फवारे तेथें नव्हते. त्यानंतर अमेरिकेंत अशा वाड्यांसाठीं फवारे, धूर ओळखणारीं यंत्रें व आणीबाणीचे दिवे यांचे नियम कडक झाले. मेन राज्यांत ऑक्टोबर २०१४ मध्यें एका शेतावर पाहुण्यांनीं भरलेली गवताची गाडी उतारावरून अनावर सुटून झाडावर आदळली. १७ वर्षांची एक मुलगी मेली व वीसांहून अधिक माणसें जखमी झालीं. वाळका मका, गवत, वीज व अंधार एकत्र आले कीं धोका पिशाच्चाचा नसून ठिणगीचा व ब्रेकचा असतो. म्हणून बाहेर पडण्याच्या वाटा, विझविण्याचीं साधनें, वाहनांची तपासणी आणि विमा हा खर्च आधीं, सजावटीचा मागाहून.

दुसरा धोका सावकाश येतो. नॉट यांच्या मळ्यांची जागा पाळण्यांनीं व मोटारी ठेवण्याच्या मैदानांनीं घेतली. १९९७ सालीं कुटुंबानें तें स्थान एका मोठ्या कंपनीस विकलें, आणि फार्म हा शब्द नांवापुरता राहिला. जोडधंद्यानें शेती तारावी, गिळूं नये, अशी ज्याची इच्छा असेल त्यानें किती जमीन पाहुण्यांस द्यावयाची हें आरंभींच ठरवावें.

महाराष्ट्रांत २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण मंजूर झालें असून हुरड्याच्या निमित्तानें शहरांतील लोक शेतावर येतातच. त्यांस भुतेंच दाखविलीं पाहिजेत असें नाहीं. भूतबाधेच्या नांवाखालीं माणसांचा छळ होतो म्हणून येथें २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला; तेव्हां कोणी हा खेळ मांडलाच तर सोंग हें सोंग म्हणूनच मांडावें. परंतु हुरडा असो वा भुतांचा वाडा असो, मोजकी गर्दी, ठरलेली वाट आणि पाहुणा धडधाकट घरीं पोंचेल अशी तजवीज, ह्या तीन गोष्टींवांचून हा धंदा दुसऱ्या हंगामास टिकत नाहीं.