जुनी पॉलिसी आधी बंद करू नका: आरोग्य विमा पोर्ट कसा करायचा?

आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष आहे, पण घरातल्या पैशाशी थेट जोडलेला आहे. आरोग्य विम्याची कंपनी बदलायची असेल, तर जुनी पॉलिसी नेमकी कधी बंद करायची?

मागच्या वेळी दुधनीला गेलो होतो. संध्याकाळी अडत दुकान बंद करून अप्पा घरी आले आणि म्हणाले, "अरे, एक एजंट आला होता. नवी पॉलिसी चार हजारांनी स्वस्त पडते म्हणतोय. जुनी मोबाईलवरूनच बंद करून टाक की."

अप्पांना शुगर आहे. जुन्या पॉलिसीला दोन वर्षं झालीत. मी म्हणालो, "अप्पा, थांबा जरा. मामांचं काय झालं आठवतंय ना?"

मामांनी असंच केलं होतं. नव्या कंपनीचा फॉर्म भरला, चेक दिला आणि जुन्या पॉलिसीचा हप्ता भरलाच नाही. नव्या कंपनीनं मेडिकल रिपोर्ट बघून अर्ज नाकारला. तोवर जुन्या पॉलिसीचे ग्रेसचे ३० दिवसही उलटून गेले होते. पुढच्याच महिन्यात छातीत दुखायला लागलं, रात्री कलबुर्गीला न्यावं लागलं. अँजिओप्लास्टीचं बिल तुरीच्या पट्टीतून भरलं. वर्षभराची कमाई एका रात्रीत गेली.

आता यातली गंमत बघा. मोबाईल नंबर पोर्ट करताना आपण १९०० वर मेसेज पाठवतो आणि नवं सिम चालू होईपर्यंत जुनं काढून फेकत नाही. नंबर पोर्ट करायची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये आली. आरोग्य विम्याची पोर्टेबिलिटी त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सुरू झाली. पहिली सगळ्यांना माहीत आहे, दुसरी फार कमी जणांना. आम्ही सॉफ्टवेअरवाले तरी काय करतो? नवा सर्व्हर नीट चालतोय हे बघितल्याशिवाय जुना बंद करत नाही. इथंही तेच.

रद्द करणं वेगळं, पोर्ट करणं वेगळं

पॉलिसी घेताना जे आजार आधीपासून असतात, त्यांच्या खर्चासाठी वेटिंग पीरियड असतो. १ एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. अप्पांचे त्यातले २४ महिने झालेत. जुनी रद्द करून नवी घेतली, तर मोजणी परत शून्यापासून. पोर्ट केली, तर ते २४ महिने नव्या कंपनीत धरले जातात आणि १२च उरतात. म्हणजे चार हजार वाचवायच्या नादात दोन वर्षं घालवायची का, हा खरा प्रश्न आहे.

एक बारीक गोष्ट. जुनं कव्हर ३ लाखांचं आणि नवं १० लाखांचं घेतलं, तर झालेल्या महिन्यांचा फायदा ३ लाखांना आणि त्यावर साठलेल्या बोनसला मिळतो. वाढीव रकमेला वेटिंग नव्यानं सुरू होतं.

मग करायचं कसं?

१. पोर्टिंग फक्त रिन्युअलच्या वेळी होतं. अर्ज नव्या कंपनीकडे करायचा. पॉलिसीच्या कागदात साधारणपणे मुदत संपायच्या ६० ते ४५ दिवस आधीची खिडकी दिलेली असते. पॉलिसी २० मार्चला संपत असेल, तर ३ फेब्रुवारीच्या आत अर्ज गेलेला बरा.

२. फॉर्ममध्ये शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन, सगळं खरं लिहा. एजंट म्हणेल, "लिहू नका, हप्ता वाढेल." ऐकू नका. लपवलेलं क्लेमच्या वेळी बाहेर येतं.

३. २०२४ च्या नियमांनुसार जुन्या कंपनीनं ७२ तासांत माहिती द्यायची आणि ती मिळाल्यापासून ५ दिवसांत नव्या कंपनीनं निर्णय कळवायचा. पण लक्षात ठेवा, नवी कंपनी नकार देऊ शकते. म्हणून जुनी पॉलिसी तोपर्यंत जिवंत हवी.

४. नवी पॉलिसी हातात आल्यावर नीट वाचा. वेटिंगचे झालेले महिने धरलेत का? रूमभाड्याला मर्यादा आहे का? बिलातला काही हिस्सा आपल्याला भरावा लागतो का? आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, सोलापूर आणि कलबुर्गीतली कुठली हॉस्पिटलं कॅशलेसमध्ये आहेत? पुण्या-मुंबईची यादी दुधनीच्या माणसाला रात्री दोन वाजता काय कामाची?

५. हे सगळं झालं, की मगच जुन्या पॉलिसीचा ऑटो-पे बंद करा. आधी नाही. पण विसरूही नका, नाहीतर दोन्हीकडे हप्ता कापला जाईल.

ग्रेसच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. वार्षिक हप्ता असेल, तर त्या ३० दिवसांत पैसे भरून पॉलिसी चालू राहते, वेटिंगही वाया जात नाही. पण मधल्या दिवसांत ॲडमिट व्हावं लागलं, तर तो खर्च आपलाच.

मध्येच रद्द करायची असेल तर?

करता येते, कारणही द्यावं लागत नाही. एक वर्षाची पॉलिसी असेल आणि त्या वर्षात क्लेम घेतला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे परत मिळतात. नवी पॉलिसी घेऊन पसंत पडली नाही, तर ती परत करायला ३० दिवस असतात. पण दोन्हीत पोर्टिंगचा फायदा नाही, हे धरून चला.

कंपनी दाद देत नसेल, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल आहे, १५५२५५ हा नंबर आहे. त्यापुढे विमा लोकपाल. सोलापूर जिल्ह्यासाठी त्यांचं ऑफिस पुण्यात आहे.

अप्पांची पॉलिसी आम्ही बंद केली नाही. कॅलेंडरमध्ये रिन्युअलच्या ६० दिवस आधीचा अलार्म लावलाय. तेव्हा दोन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवून बघू. जमलं तर पोर्ट, नाही तर आहे तीच चालू.

तुम्हीही आज रात्री एवढंच करा. घरी फोन लावा, पॉलिसीचा फोटो मागवा, शेवटची तारीख बघा आणि अलार्म लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

चला, भेटूया पुढच्या भागात!