जुन्या वस्तूंची जोडविक्री : कराचा आणि कायद्याचा हिशेब

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जुन्या कपड्यांवर भांडी देत फिरणारी बोहारीण ज्या पुनर्विक्रीचा पहिला दुवा होती, तीच पुनर्विक्री आता नोकरी सांभाळून मोबाइलवरून केली जाते. तिला कराचे नियमही लागू होतात. २०१७ च्या वस्तू व सेवा कर नियमावलीतील नियम ३२(५) अन्वये, नोंदणीकृत विक्रेत्याने खरेदीवरील कराची वजावट (भरलेला कर पुढील देण्यातून वळता करणे) घेतली नसेल, तर कर खरेदी व विक्रीच्या किमतींतील फरकावरच आकारला जातो, आणि तोटा झाल्यास तो फरक विचारात घेतला जात नाही. ही सवलत रास्तच म्हणावी लागेल. मात्र १०० वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे वा चित्र १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरत असल्याने, परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. ऐतिहासिक मूल्याच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे.