सायकलवर नाथसागराला

अंबड तालुक्यातून पैठणला एस.टी.ने सगळेच जातात. मी मामांबरोबर सायकलवर गेलो, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेने. डावीकडे लांबवर गोदावरी. रस्ता कच्चा, पण दम लागत नाही. मामा म्हणाले, "लेकरा, कालव्याला उतार अगदी थोडा असतो. टेकाड आलं की तो वळसा घालतो. मग कडेचा रस्ताबी चढत नाही."

हा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. आपल्या उसाला, मोसंबीला त्याचं पाणी मिळतं. मात्र पाय धुवायला त्यात उतरू नये. कडा तिरक्या अन् शेवाळलेल्या, धरायला काहीच नाही.

जायकवाडी धरणाचं उद्घाटन १९७६ साली झालं. त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर, रुंद पण उथळ. पाणी ओसरलं की काठाचा चिखल उघडा पडतो. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. रोहित चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव, शेवाळ खातो. मला याचं फार नवल वाटलं!

१९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. पण त्याच उघड्या जमिनीत लोक गाळपेरही करतात. धरणात ज्यांची शेतं गेली त्यांनी मग कुठं पेरावं, असं मी विचारलं. मामा गप्प बसले.

पैठणला मुक्काम करून सकाळीच काठावर जावं. सायकल लांब ठेवावी, नाहीतर थवा उपाशीच उडतो. सकाळचं ऊन आपल्या पाठीशी येतं, म्हणून गुलाबी पंख स्पष्ट दिसतात.