बी.एड., डी.एल.एड.ची शिष्यवृत्ती : कागदावरचा हक्क खात्यापर्यंत कसा आणायचा?

सुभेदार रामजी सकपाळ यांनी शिक्षक होण्याचे प्रशिक्षण पुण्यात, लष्कराच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले होते. पुढे ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. बाबासाहेबांच्या घरात पुस्तके आली ती या शिक्षक बापामुळे. त्याच पुण्यात आज मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-साताऱ्याकडून आपली मुले-मुली बी.एड. आणि डी.एल.एड. करायला येतात. गुण असतात, इच्छा असते, सरकारी योजनाही असतात. तरीही दुसऱ्या वर्षापर्यंत काही जण गळतात. यामागे योजना नसणे हे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा पैसा उशिरा येतो, किंवा एका चुकीच्या कागदामुळे येतच नाही. म्हणून कोणती मदत मिळते, ती कुठे अडकते आणि कार्यकर्त्यांनी काय करायचे, ते नीट समजून घेऊ.

आधी अभ्यासक्रम, मग अर्ज

इयत्ता पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर डी.एल.एड. करावे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्राथमिक स्तरासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. सहावीपासून पुढे शिकवायचे असेल तर बी.एड. पहिली ते आठवीच्या नोकरीसाठी टीईटीही लागते. डी.एल.एड. आणि बी.एड. हे दोन्ही अभ्यासक्रम सध्या दोन वर्षांचे आहेत. हे सांगण्याचे कारण असे की शिष्यवृत्तीचे नियम अभ्यासक्रम बदलणाऱ्याला फारसे साथ देत नाहीत. बी.ए., बी.एस्सी. नंतर बी.एड.ला शिष्यवृत्ती मिळते, पण बी.एड. झाल्यावर एलएल.बी.ला गेलात तर केंद्राच्या नियमानुसार ती मिळत नाही. एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून दुसरा धरला की लाभ थांबतो. तेव्हा 'बघू, आधी हे करू' असे म्हणून प्रवेश घेऊ नका.

मुख्य आधार : भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती

ही योजना कुणाची मेहेरबानी नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रश्नांवर सरकारला निवेदन दिले आणि उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. त्यातूनच १९४४ पासून ही शिष्यवृत्ती सुरू आहे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. हा भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार आणि वसतिगृहात राहता की घरी, यानुसार वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर राज्य सरकारची फ्रीशिप आहे. तिच्यात शिक्षण व परीक्षा शुल्क मिळते, भत्ता मिळत नाही. वडील नोकरीत आहेत म्हणून आपल्याला काहीच नाही, असे समजून अनेक मुले अर्जच करत नाहीत. तो समज चुकीचा आहे.

दोन्हींसाठी अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. प्रवेश सीईटी कक्षाच्या किंवा शिक्षण विभागाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ नाही. एजंट 'सीट पक्की करून देतो' म्हणतो, ती बहुतेकदा याच कोट्यातली असते. ती सीट घेतली की दोन वर्षांची फी खिशातून भरावी लागते.

बौद्ध म्हणून कोणता दाखला?

१९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती बंद झाल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या पातळीवर ३४ वर्षे लढावे लागले. १९९० मध्ये अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. आजचा हक्क त्या दुरुस्तीवर उभा आहे. मात्र दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असून भागत नाही. धर्मांतरापूर्वीची अनुसूचित जात त्यावर नमूद असावी लागते.

बी.एड. हा व्यावसायिक अभ्यासक्रम असल्याने जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, वडिलांकडच्या पूर्वजांच्या जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा, जुने महसुली कागद असे काहीही कामी येते. वडील, काका, सख्खा भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाची वैधता झालेली असेल तर तीच सर्वांत भक्कम कागद ठरते. आंबेडकरी कुटुंबांत अनेकदा बापाच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आणि मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध' असते. त्याने घाबरून जाऊ नये. मधली साखळी कागदांनी जोडून दाखवावी.

बौद्ध हे अधिसूचित अल्पसंख्याकही आहेत, म्हणून काही जण अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचाही अर्ज करतात. लाभ एकाच शिष्यवृत्तीचा घेता येतो. दोन्हीकडे अर्ज करून दोन्ही अडकवण्यापेक्षा जातीचा दाखला हाताशी असलेल्याने पूर्ण शुल्क देणारी योजना धरावी.

राहण्या-जेवणाचे काय?

पुण्यात फीपेक्षा जड जाते ते राहणे आणि जेवण. पहिला पर्याय समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा. तिथे नंबर लागला नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे व पिंपरी-चिंचवडसह मोठ्या शहरांत तिच्यात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नसावा, मागील परीक्षेत ठरवून दिलेले गुण आणि कॉलेजात ७५ टक्के हजेरी हवी. वसतिगृहाचा अर्ज केलाच नाही तर स्वाधारचा रस्ताही बंद होतो, म्हणून तो अर्ज सोडू नका. जिल्ह्याचे समाजकल्याण कार्यालय विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आहे. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत 'कमवा व शिका' योजना असेल तर हातखर्चाला तिचाही आधार होतो.

पैसा अडकतो कुठे?

२०२०-२१ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. आधी राज्याने आपला वाटा द्यायचा, मग केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतो. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. इथेच दोन गोष्टी बिघडतात.

पहिली, आधारशी जोडलेले खाते बंद असते किंवा भलतेच निघते. लहानपणी शाळेत काढलेले शून्य शिलकीचे खाते आधारला जोडलेले असते आणि विद्यार्थी नव्या खात्याकडे डोळे लावून बसतो. अर्ज भरण्यापूर्वी बँकेत जाऊन कोणते खाते आधारशी जोडलेले आहे, ते तपासून घ्या.

दुसरी जास्त गंभीर आहे. पैसे महिनोन्महिने उशिरा येतात. तोवर खोलीचे भाडे थकलेले असते, घरी कुणी आजारी असते. रक्कम जमा झाली की ती तिकडे जाते. आलेली रक्कम फीची आहे, हे त्या घराला कुणी सांगितलेलेच नसते. मग कॉलेज फी मागते, परीक्षेचा अर्ज अडवते, मूळ कागदपत्रे देत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी आगाऊ शुल्क मागू नये, अशा सूचनाही राज्य शासनाने वेळोवेळी दिल्या आहेत. कॉलेज ऐकत नसेल तर तोंडी भांडत बसू नका. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत समाजकल्याण सहायक आयुक्तांना द्या. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून आहे की जिल्ह्याच्या, हे पोर्टलवर दिसते. आधी ते पाहा, मग योग्य टेबलावर जा.

दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते, ते आपोआप होत नाही. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून निर्धास्त राहिलेले विद्यार्थी इथे हमखास चुकतात.

विहाराने काय करावे?

समाजकल्याण आयुक्तालय, बार्टी, राज्य परीक्षा परिषद, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ही सगळी कार्यालये पुण्यातच आहेत. तरी या शहराच्या वस्त्यांतला आणि बाहेरून आलेला विद्यार्थी सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर अर्ज भरतो. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, शाल देतो, ट्रॉफी देतो. सत्काराला विरोध नाही. पण ज्या मुलीला सप्टेंबरात मेसचे पैसे द्यायचे आहेत आणि स्वाधारची रक्कम पुढच्या वर्षी येणार आहे, तिला ट्रॉफीचा काय उपयोग?

प्रत्येक विहाराने तीन कामे करावीत. प्रवेशाच्या हंगामात दर रविवारी वंदनेनंतर दोन तास मदत केंद्र चालवावे. पोर्टल जाणणारे दोन तरुण पुरेसे आहेत. बारावीतच वैधतेचे अर्ज करून घ्यावेत. आणि एक फिरता निधी उभारावा : शिष्यवृत्ती येईपर्यंत बिनव्याजी उसनवार, रक्कम जमा झाली की परत, मग तीच रक्कम पुढच्या विद्यार्थ्याला. भीमजयंतीच्या एका मिरवणुकीतल्या डीजेच्या खर्चात असा निधी सुरू होऊ शकतो. हिशेब फलकावर लावा, म्हणजे विश्वास टिकेल.

वर्गात फळ्यासमोर कोण उभे आहे, यावर पहिल्या पिढीच्या मुलाचे शाळेत टिकणे बरेचसे ठरते. आपल्या वस्तीतून निघालेला एक शिक्षक नोकरीच्या तीस वर्षांत शेकडो मुलांना हात देतो. तो दुसऱ्या वर्षी मेसच्या थकलेल्या बिलापायी गावी परतणार असेल, तर त्याला थांबवणे ही आपली जबाबदारी आहे. या जूनपासून आपल्या विहारात मदत केंद्राचे टेबल लावा.

जय भीम!